गिरणी माझ्या पायांची वाट बघत होती

ज्यांच्या बधिर पायांत कळा येतात, आणि ज्यांना घरच्यांनी, पाहुण्यांनी नाहीतर रिक्षावाल्याने सांगितलंय की कळा येतात म्हणजे पाय जिवंत आहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही. फक्त वाचून झाल्यावर हळहळत माझ्या घरी येऊ नका. यायचंच असेल तर दळण घेऊन या.

मी शालन. कराडकडून कोयनेकडे जाताना आमचं गाव रस्त्यालाच लागतं. गावात माझी पिठाची गिरणी आहे. माझी म्हणजे माझीच. नवरा फौजेत होता तेव्हा मी ती टाकली आणि मीच चालवली. हे हवालदार होऊन रिटायर झाले, घरी आले, तोवर गावाला तिच्या आवाजाची सवय झाली होती आणि मला माझ्या हुकुमाची. घरात एक हवालदार आधीच होता, दुसरा आला, एवढंच.

पत्रा

पावसाळ्याच्या तोंडावर गिरणीचा एक पत्रा बदलायचा होता. पत्रे बसवणारा माणूस आज येतो, उद्या येतो करत होता. मला दम धरवत नाही, हा स्वभावच. शिडी लावली आणि चढले. जुना सिमेंटचा पत्रा पायाखाली मोडला आणि मी थेट आत, गिरणीच्या ओट्यावर पाठीवर पडले.

पाठ फुटल्यासारखी दुखली. पण कमरेखालून काहीच आलं नाही, दुखणंसुद्धा नाही. मान वर करून बघितलं तर एका पायातली चप्पल निघाली होती, आणि ती निघालेली मला कळलीच नव्हती. त्या चपलेची मला जेवढी भीती वाटली तेवढी पडण्याचीही वाटली नाही.

आमच्याकडे माणूस पडला की आधी त्याला उठवून बसवतात, पाणी पाजतात आणि मग विचारतात काय झालं. मलाही बसवलं. चौघांनी काखेत आणि पायाला धरून उचललं आणि जीपच्या सीटवर ताठ बसवून कराडला नेलं. सगळं मायेनेच केलं. त्याने माझं किती बिघडलं, किती आधीच बिघडलं होतं, हे आता कुणी सांगू शकत नाही आणि मी त्यांना दोषही देत नाही. पण तुम्ही ऐकून ठेवा. उंचावरून पडलेल्या माणसाचे पाय हलत नसतील तर त्याला बसवू नका. फळी शोधा, नाही मिळाली तर दार काढा, पण त्याला आडवा, सरळ न्या.

बघूया

ऑपरेशन झालं, मणक्याला आतून धातूच्या पट्ट्या लागल्या. मोठे डॉक्टर रोज राउंडला यायचे आणि बघूया म्हणायचे. काय बघूया, कुणी सांगेना. पाहुणे यायचे आणि होईल बरं म्हणायचे. काय होईल, तेही कुणाला माहीत नव्हतं.

घरी आणल्यावर आमच्या हवालदारांनी ड्युटी लावली. दर दोन तासांनी मला कुशीवर करायचं, असं दवाखान्यात सांगितलं होतं. हे मोबाईलला गजर लावून यायचे, काही न बोलता मला वळवायचे, पाठीमागे उशी लावायचे आणि जायचे. एकदाही चुकले नाहीत. मी चिडायचे, दोन शब्द बोला की म्हणायचे. बोलणं त्यांना जमत नव्हतं, वळवणं जमत होतं.

त्यांनी अजून एक केलं. गिरणीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या उशाशी ठेवली. म्हणाले, तू उभी राहिलीस की तुझ्या हाताने उघड, तोवर तिला कुणी हात लावायचा नाही. तेव्हा मला ते लय गोड वाटलं. गावाची दळणं शेजारच्या गावाला जायला लागली, आणि माझी गिरणी माझ्या पायांची वाट बघत बंद पडून राहिली.

मग कळा सुरू झाल्या.

कळा

हे ज्याला झालं नाही त्याला पटायचं नाही. चिमटा काढला तर कळत नव्हता. मुंगी चढली तर कळत नव्हती. आणि त्याच पायांची अशी आग व्हायची की उकळत्या पाण्यात धरलेत आणि वरून कुणी ओली मिरची चोळतंय. संध्याकाळ झाली की जास्त. दात खाऊन खाऊन माझा जबडा दुखायचा.

आणि मी खूश होते. कारण सासूबाईंनी, त्यांना मी आत्या म्हणते, पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "कळा येत्यात? मग पाय जित्ते हायत. सोस बाई, सोस." तेच शेजारणीने सांगितलं, तेच नणंदेने फोनवर सांगितलं. ज्याला त्याला पटलेलं होतं, मलाही पटलं. एखाद्या दिवशी आग कमी झाली तर मी घाबरायचे, पाय मेले की काय म्हणून.

कराडहून दुखण्याच्या गोळ्या दिल्या होत्या. मी त्या जिभेखाली धरायचे आणि यांची पाठ वळली की खिडकीतून अळवाच्या वाफ्यात टाकायचे. गोळीने कळ मरेल आणि कळेबरोबर पायही, असा माझा हिशेब होता. उभं राहायचं होतं ना. गिरणी उघडायची होती.

आत्यांनाही माझे पाय हवे होते. त्या विटेचा शेक द्यायला लागल्या. वीट चुलीत तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि टाचेला लावायची. आमच्या घरात बाळंतिणीपासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना हाच शेक. फरक इतकाच की बाकीचे भाजलं की ओरडतात. मला काही लागत नव्हतं, म्हणून त्या दाबून धरत राहिल्या आणि मी डोळे मिटून पडून राहिले, बरं वाटेल म्हणून.

संध्याकाळी हे मला वळवायला आले तेव्हा टाचेची कातडी फडक्याला चिकटून आली. यांचा आवाज मी लग्नापासून कधी चढलेला ऐकला नव्हता. "आई, काय केलंस हे?" एवढंच म्हणाले. आत्या होत्या तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या पायाला हात लावला नाही. जेवू घालायच्या, वेणी घालायच्या, पण कमरेच्या खाली हात यायचा नाही. माझ्या पायथ्याशी बसायच्याही बंद झाल्या. मी दोनदा म्हटलं, असू दे आत्या, माझ्या लक्षात आलं का तरी? त्या उठून चुलीकडे जायच्या.

जखम चिघळली, वास यायला लागला. मणका मोडलेल्या लोकांचंच बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई सांगलीत आहेत, असं यांच्या एका फौजी मित्राने सांगितलं. गेलो.

सांगली

वैजयंती मॅडम बुटक्या, पायात खेळाचे बूट, चालणं भराभरा. कवठे महांकाळच्या बाजूच्या. घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती, हे त्यांनीच नंतर सांगितलं. एरवी बोलतात शुद्ध, पण राग आला की गावाकडची बोली बाहेर पडते. ती बाहेर काढायचा मान मला बऱ्याचदा मिळाला.

त्यांनी आधी एक्स-रेचे फोटो बघितले नाहीत. आधी टाच बघितली. मग विचारत गेल्या. लघवी कशी होते, परसाकडं कसं होतं, झोप लागते का, घरात कोण कोण, आणि तुम्ही काम काय करता. आजारी पडल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी गिरणीचं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग कापूस, टाचणी, बोट लावून सगळं तपासलं आणि यांना आणि आत्यांना आत बोलावलं.

"शालनताई, सरळ सांगते. तुमचा मज्जारज्जू त्या जागी पूर्ण दुखावलाय. तुम्ही पुन्हा तुमच्या पायांनी चालाल असं मला वाटत नाही. बाकी पुष्कळ करता येईल, ते मी करून घेईन."

माझ्या हातात पाण्याचा स्टीलचा पेला होता. मी तो फेकला. त्यांच्यावर नाही, भिंतीवर, पण फेकला. पोचा पडला त्याला. मॅडम उठल्या, पेला उचलला, पुसला, पाणी भरून परत माझ्या हातात दिला. म्हणाल्या, अजून फेकायचा असेल तर फेका, पण आधी प्या.

मी म्हटलं, तुम्हाला काही कळत नाही. पायांत कळा येतात माझ्या. रोज येतात. मेलेल्या पायांत कळा येतील का?

गोळ्या घेता का, त्यांनी विचारलं. हे म्हणाले, घेते की, मी स्वतः देतो. मी पेल्यातल्या पाण्याकडे बघत होते. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं.

"मला एक सांगा. गिरणीचा पट्टा तुटला तर मोटर फिरती का?"

फिरते, मी म्हटलं.

"आवाज करती?"

करते. उलट मोकळीच घरघरते.

"पीठ पडतं?"

पट्ट्याशिवाय दगड फिरत नाहीत, पीठ कुठून पडणार. कुठल्याही गिरणीवालीला विचारण्यासारखा प्रश्न नव्हता तो.

"तुमची कळ म्हंजे ती घरघर. खोटी न्हाई, नाटक न्हाई, लय वाईट दुखणं हाय ते. पण ते ऐकत बसलं म्हणून पीठ पडणार न्हाई. आन गोळी घेतली म्हणून पाय जास्त बिघडणार न्हाईत. तुमी उगंच जाळून घेताय स्वतःला."

आत्या पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मी म्हटलं मला घरी न्या. यांनी पहिल्यांदाच माझा हुकूम मोडला आणि मला तिथेच भरती केलं.

गोळी

दोन दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मॅडम येऊन जखम बघायच्या, जायच्या, गोळीचा विषय काढायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आग इतकी वाढली की मी दातांनी उशीचा अभ्रा फाडला. मग रागानेच गोळी घेतली. मॅडमना खोटं पाडायचं होतं.

एका गोळीने काही झालं नाही. होतही नाही, त्या गोळ्यांना वेळ लागतो, मात्रा हळूहळू वाढवावी लागते. मी घेत राहिले. आणि एका सकाळी जाग आली तेव्हा ऊन कॉटवर आलं होतं. मी झोपले होते, सलग. आग होती, पण शेजारच्या घरात रेडिओ चालू असावा तशी, लांब.

आणि मला रडू फुटलं. लोक म्हणतील दुखणं कमी झालं तर रडते कशाला. पण मला आत कुठेतरी वाटत होतंच की हे ऐकणं बंद केलं म्हणजे मी पाय सोडले. त्या सकाळी मी माझे पाय सोडले. हे स्टुलावर बसले होते. त्यांना कसं कळलं माहीत नाही, तेही रडले. नवऱ्याला रडताना मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. मग डोळे पुसून म्हणाले, चहा आणतो. आणि आणला.

ज्यांना हे व्हायचंय त्यांना सांगते, हे रडणं रडून घ्या. ते अडवू नका आणि त्याला घाबरूही नका. ते झाल्यावर मला जेवण जायला लागलं.

वॉर्डातले दिवस

आता लाजायचं ते लाजून झालंय, तेव्हा स्पष्ट लिहिते. लघवीसाठी दिवसातून ठरल्या वेळी आपली आपण नळी घालायची असते. बाईमाणसाला आरसा धरून शिकावं लागतं. पहिल्यांदा मी सिस्टरला शिव्या घातल्या, आरसाही पाडला. पण ज्या दिवशी जमलं त्या दिवशी पडल्यापासून पहिल्यांदा मी कुणाला हाक न मारता मोकळी झाले. लग्नात अंगावर सोनं चढलं तेव्हा एवढा आनंद झाला नव्हता.

हाताने अंग उचलायचं. कॉटवरून खुर्चीत, खुर्चीतून कॉटवर. व्यायाम घेणारी पोरगी नाजूक दिसायची, पण तिने माझा घाम काढला. गिरणीने दंड कमावलेले होते, ते उपयोगी पडले. शेजारच्या कॉटवरच्या मावशी संध्याकाळी भडंगाचा पुडा सोडायच्या आणि आम्ही दोघी आपापल्या डॉक्टरांची उणीदुणी काढत तो संपवायचो. असे पुडे नसते तर मी पळून गेले असते. पळता येत नव्हतं ते वेगळं.

मॅडमनी एक गोष्ट माझ्याकडून, यांच्याकडून आणि मुद्दाम आत्यांकडून पाठ करून घेतली. ज्या कातडीला कळत नाही तिचं काम डोळ्यांनी करायचं. रोज आरशात टाचा, बसायची जागा बघायची. गरम काही मांडीवर घ्यायचं नाही, चहाचा कपसुद्धा नाही, आधी कळत्या हाताने बघायचं. आत्या खाली मान घालून ऐकत होत्या. मॅडमनी त्यांना विटेबद्दल एक शब्दही विचारला नाही. फक्त म्हणाल्या, आजी, आमच्या घरातबी असाच शेक देत्यात.

घरी सोडायच्या आधी त्यांनी गिरणीचं विचारलं. हे अभिमानाने म्हणाले, कुलूप घातलंय, ती उभी राहिल्याशिवाय उघडणार नाही. मॅडमचा चेहराच बदलला.

"हवालदारसाहेब, ती उभी राहणार न्हाई. गिरणीच खाली घ्या. फौजेत कवा खड्डे खणलेत का न्हाई?"

खणलेत, हे म्हणाले.

"मग अजून एक खणा."

दाराआडची खुर्ची

घरी आल्यावर चाकाची खुर्ची कुठे ठेवायची यावरून पहिला ताण. आत्यांना ती दिवाणखान्यात नको होती. खुर्ची डोळ्यांपुढे राहिली की घर मान्य करून टाकतं, मग पाय कशाला येतील, असं त्यांच्या मनात. तोंडाने म्हणायच्या, येणारे-जाणारे बघत्यात. तर खुर्ची माझ्या उशाशी दाराआड, चादर पांघरून. आणि मला उचलून न्यायचं. सांगलीत मी जे कमावलं ते घरात चादरीखाली गेलं. मी भांडले, पण म्हाताऱ्या माणसाशी किती भांडणार.

आमच्या खोऱ्यात जमीन अधूनमधून हलते. फळीवरची भांडी वाजली की माणूस विचार करत नाही, अंगणात पळतो, लहानपणापासून पायांना तेच माहीत. एका दुपारी भांडी वाजली. आत्या पळाल्या. हे मागच्या दाराने गिरणीत शिरून खड्डा खणत होते. घरात मी एकटी.

भीती काय असते ते तेव्हा कळलं. पण हातांना शिकवलेलं होतं. चादर ओढली, खुर्ची उघडली, ब्रेक लावला, अंग उचललं, बसले, ब्रेक सोडला. दारापाशी पोचले तेव्हा जमीन कधीच शांत झाली होती. उंबऱ्यावर आत्या समोरून धावत येत होत्या, पदर सुटलेला.

"मी तुला सोडून पळाली गं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, पळायलाच पाहिजे होतं. पण खुर्ची माझ्याजवळ उघडी राहू द्या, म्हणजे मलाही पळता येईल. त्यांनी चादर घडी घालून कपाटात ठेवली. खुर्ची त्यानंतर दाराआड गेली नाही.

पीठ

यांनी ओटा फोडला. गिरणी जमिनीलगत बसवली आणि पिठाचा डबा ठेवायला तिच्या तोंडाखाली खड्डा केला, चारी बाजूंना सिमेंटचा गिलावा करून. अगदी फौजी काम, कोपरे असे की हात फिरवावा. दारात खुर्चीसाठी उतार केला. धान्य ओतायची पेटी आता माझ्या खांद्याला येते. गिऱ्हाइकाने आपली पिशवी आपण ओतायची आणि आपला डबा आपण उचलायचा, असा नवा नियम मी काढला. कुणाला पटला नाही तर शेजारचं गाव आहेच.

पुढच्या दाराचं कुलूप मी उघडलं. ते गंजलं होतं, तेल घालावं लागलं. उभी राहून उघडायचं ठरलं होतं, बसून उघडलं. हे बाजूला उभे होते, म्हणाले, चालतंय.

पहिल्या दिवशी अर्धी माणसं दळायला आली आणि अर्धी मला बघायला. बघायला आलेल्यांना मी दळण असेल तर थांबा म्हटलं. पट्टा चढला, मोटर सुरू झाली, दगड फिरले. मी चिमूटभर पीठ अंगठ्यात आणि बोटात चोळून बघितलं. जाड होतं. दगड जरा आवळले, पुन्हा चोळलं. आता बारीक, भाकरी थापायला येईल असं. माझी बोटं काहीच विसरली नव्हती. एवढे दिवस मी नसलेल्या पायांकडे लक्ष लावून बसले होते आणि ही बोटं इथेच होती.

सगळ्यांत शेवटी आत्या आल्या, घरची ज्वारी घेऊन. त्यांनी पिशवी नियमाप्रमाणे आपल्या हाताने ओतली. पीठ पडलं, डबा भरला. यांनी तो खड्ड्यातून वर काढला. पूर्वी मी घरचा डबा कमरेवर घेऊन जायचे. आता कमरेवर नाही तर मांडीवर, असं म्हणून मी आनंदाच्या भरात तो ओढून मांडीवर घेतला.

"मांडीवर नगं," आत्या केवढ्यांदा ओरडल्या. दोन्ही हातांनी डबा हिसकून घेतला आणि जमिनीवर ठेवला. दिवसभर दळून तापलेल्या दगडातलं पीठ होतं ते, पत्र्याच्या डब्यात. त्यांनी पालथा हात डब्याला लावून बघितला, मग हात झटकला. मी विसरले होते, त्या विसरल्या नव्हत्या.

मग त्या माझ्या पायाशी खाली बसल्या. विटेच्या दिवसानंतर पहिल्यांदाच. साडी जरा वर सारून मांडीची कातडी नीट निरखली, लाल झालीय का ते. नव्हती झाली. त्यांनी तिथे हात ठेवला. सुरकुतलेला, पिठाने भरलेला हात.

"कळतंय का गं काय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई आत्या," मी म्हटलं. "पण दिसतोय की."

त्यांनी हात तिथेच ठेवला.